धाक आणि सूचना : 'आजी'पासून 'तुंबाड'पर्यंत

भयकथेचे चित्रपटात रूपांतर झाले की आपली समीक्षा बहुधा निष्ठेचा प्रश्न उपस्थित करते : मूळ संहितेतील काय राखले गेले आणि काय गळाले? हा प्रश्न निरर्थक नाही. परंतु जिचे 'मूळ'च दोन-तीन हातांतून आलेले आहे अशा कथेच्या बाबतीत तो अपुरा पडतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाच्या पहिल्या प्रकरणामागे अशीच एक कथा आहे. स्टीफन किंग यांची 'ग्रॅमा' १९८४ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९८५ मध्ये 'स्केलेटन क्रू' या संग्रहात आली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी तिला 'आजी' या नावाने मराठी घरात आणले. बर्वे यांनी ती कथा १९९३ साली, नागझिरा अभयारण्यात मुक्कामी असताना, एका मित्राच्या तोंडून ऐकली. पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. चित्रपटाचे चित्रण २०१२ मध्ये एकदा झाले, ते समाधानकारक न वाटल्याने पुनर्लेखन आणि पुन्हा चित्रण झाले, आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. ऐकणे आणि पडदा यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. पडद्यावर जे आले ते एका छापील कथेचे रूपांतर आहे, त्याहून अधिक ते एका श्रवणाचे रूपांतर आहे, असे म्हणावयास हवे.

धारपांच्या उसनवारीबद्दल मराठी समीक्षेने मौन तरी पाळले किंवा नाक तरी मुरडले. 'लुचाई'मागे 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे, हे जाणत्या वाचकाला ठाऊक असते आणि तेवढ्यावर चर्चा संपते. प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न नैतिक वाटत नाही. तो वाङ्मयीन आहे. एका घरातले भय दुसऱ्या घरात नेले असता त्यातले काय तगते? आणि हे भय लहान मुलाचे असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण मुलाचे भय कल्पनेपेक्षा सवयीवर पोसलेले असते. त्याला कोणी कोणत्या शब्दांत झोपवले, कोणी घास भरवला, अंधारातून कोणत्या खोलीत एकट्याने जावे लागले, या गोष्टी भाषांतरित होत नाहीत. त्यांच्या जागी आपल्याकडच्या गोष्टी शोधाव्या लागतात.

आपल्या काव्यशास्त्रानेही येथे फारशी मदत केलेली नाही. भय हा भयानक रसाचा स्थायीभाव. पण त्याचा आश्रय म्हणून शास्त्राने मोजल्या त्या स्त्रिया आणि 'नीच प्रकृती'ची पात्रे. मूल शास्त्रात येते ते वात्सल्याचे आलंबन म्हणून, म्हणजे मोठ्यांच्या भावनेचा विषय म्हणून. भिणारे मूल, ज्याच्या डोळ्यांनी आपणही भ्यावे असे मूल, या व्यवस्थेत बसत नाही. आधुनिक भयकथेने नेमके तेच केंद्रस्थानी आणले. फ्रॉइडने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ज्याला 'उन्हाइमलिश' म्हटले त्या शब्दाच्या पोटात 'हाइम', म्हणजे घर आहे. जे घरातले होते तेच परके होऊन समोर येते, हा त्याचा आशय. लहान मुलाला घराबाहेरचे जग अजून लाभलेलेच नसते. त्यामुळे त्याचे भय मुळातच घरातले असते.

'तुंबाड'पूर्वी मराठी माणसांनी परदेशी बालभयाची जी पडद्यावरील रूपांतरे केली किंवा पाहिली त्यांतील दोन येथे पुरेशी आहेत. १९९३ मध्ये, म्हणजे योगायोगाने नागझिऱ्याच्याच वर्षी, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. त्यामागे 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) हा चित्रपट आहे. मूळात खुनी आत्मा शिरलेली बाहुली एका लहान मुलाची आहे; आपल्या खेळण्यावर आपला विश्वास आणि आपल्या शब्दावर मोठ्यांचा अविश्वास, या दुहेरी कोंडीत ते मूल सापडते. 'झपाटलेला'मध्ये ही बाहुली लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेल्या लक्ष्याकडे येते. हा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचे वेड असलेला हवालदार आहे. मूल काढले गेले आणि त्या जागी मुलासारखा प्रौढ बसवला गेला. भयाची जागा विनोदाने घेतली. गंमत अशी की रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू मराठी मुलांच्या एका पिढीला तरीही झोपू देत नव्हता. चित्रपटाने जे मूल पडद्यावरून हटवले ते प्रेक्षागृहात बसलेले होते.

दुसरे उदाहरण 'वोह' (१९९८) या झी टीव्हीवरील हिंदी मालिकेचे. 'इट'मधील विदूषक लिलिपुट यांच्या रूपाने येथे जसाच्या तसा आला. आशुतोष गोवारीकर त्यात प्रमुख भूमिकेत होते. पण विदूषकाचे भय ही अमेरिकन बालपणाची मिळकत आहे. आपल्याकडे सर्कशीतला जोकर हा हत्ती-सिंहांच्या मधल्या वेळेत मुलाला धीर देणारा माणूस. त्याला भ्यावयाचे तर आधी ते भय शिकावे लागते, आणि मालिका ते शिकवण्यातच खर्ची पडते. 'झपाटलेला'ने मूल गाळले, 'वोह'ने मूल राखले पण परक्या मुलाचे भय त्याच्या माथी मारले.

'आजी'चे तसे नाही. आजी ही मराठी बालपणाच्या अगदी गाभ्यातील व्यक्ती आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती गोष्ट सांगणारी आहे. आटपाट नगरापासून राक्षसापर्यंत सारे काही मुलाला मिळते ते तिच्या मांडीवर. भीतीही तिच्याचकडून येते आणि भीतीवरचा उताराही. अशी आजीच जर राक्षस झाली तर मुलाजवळ गोष्टही उरत नाही. धारपांनी हे शीर्षक निवडताना केवळ शब्दशः भाषांतर केले असेल. पण 'ग्रॅमा'पेक्षा 'आजी' हा शब्द कितीतरी अधिक घातक आहे.

किंगच्या कथेत अकरा वर्षांचा जॉर्ज आजारी, आंधळ्या, अवाढव्य आजीपाशी एकटा उरतो. खेळताना भावाचा पाय मोडतो, आई रुग्णालयाकडे धावते. जॉर्जच्या भयाचे केंद्र मिठीत आहे : आजीला त्याला जवळ घ्यायचे असते आणि लहानपणापासून त्याला त्या मिठीची दहशत आहे. अमेरिकेतच या कथेची दोन पडदारूपे झाली, १९८६ मध्ये 'द ट्वायलाइट झोन' मालिकेतील एक भाग आणि २०१४ चा 'मर्सी' हा चित्रपट. दोन्हींना येथे थांबण्याचे कारण नाही. 'तुंबाड'मध्ये १९१८ सालचा पावसाळा आहे. विनायकची आई तुंबाडच्या वाड्यातील वृद्ध सरकारांची सेवा करते, आणि त्या घराण्यातील शापित म्हातारीला आपल्या घरी साखळदंडाने बांधून सांभाळते. सदाशिव हा धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि म्हातारीला जेवू घालण्याचे काम विनायकवर येते. प्रसंगांची चौकट तीच आहे. बदलली आहे ती एकच गोष्ट : मिठीच्या जागी घास आला आहे.

हा बदल वरवरचा नाही. मराठी घरात वडीलधाऱ्यांची माया शरीराने फारशी व्यक्त होत नाही, ती ताटातून व्यक्त होते. चिऊचा घास, काऊचा घास करीत मुलाला भरवणारी आजी हे त्या मायेचे रूढ चित्र. 'तुंबाड'मध्ये भरवणारा लहान आहे आणि खाणारी म्हातारी. आणि खाणे थांबले की ती भरवणाऱ्यालाच खाणार आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची लोककथा येथे आठवते. रानातली जनावरे तिला खाऊ पाहतात आणि ती, लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, असा सौदा करून सुटते. मराठी मुलाने ऐकलेली बहुधा पहिली 'खाण्याची' गोष्ट हीच, आणि तिच्यात ते म्हातारीच्या बाजूने उभे असते. चित्रपटाने नेमकी ही बाजू फिरवली. खाल्ले जाण्याच्या भीतीतून चातुर्याने सुटणारी म्हातारी स्वतःच भूक झाली. दिग्दर्शकाच्या मनात ही लोककथा होती असा दावा करण्याची गरज नाही. प्रेक्षकाच्या मनात ती आहे, एवढे पुरे.

यापेक्षाही सूक्ष्म बदल एका वाक्यात झाला आहे. किंगच्या कथेत मावशी दूरध्वनीवरून जॉर्जला सांगते की हॅस्टरचे नाव घेऊन आजीला पडून राहावयास बजाव. हॅस्टर हे नाव आले आहे लांबून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बिअर्सने ते मेंढपाळांच्या एका सौम्य देवतेला दिले, चेंबर्सने ते उचलले, लव्हक्राफ्ट आणि त्याच्या अनुयायांनी त्याला भीषण केले. किंगच्या वाचकाला ते गूढविद्येचे नाव म्हणून ओळखीचे असते. मराठी कानाला त्यामागची ही परंपरा ऐकू येणे शक्य नाही. 'हस्तर'मध्ये त्याला ऐकू आलाच तर 'हस्त' ऐकू येईल, घेण्यासाठी पुढे आलेला हात. पण चित्रपटाने केले आहे ते याहून वेगळे. त्याने हे नाव एका घरगुती वाक्यात बसवले : झोप, नाहीतर हस्तर येईल. ही मंत्राची रचना नाही. ही बागुलबुवाची रचना आहे. 'झोप, नाहीतर अमुक येईल' या साच्यात प्रत्येक मराठी घराने आपापला अमुक घालून ठेवलेला असतो.

या साच्याचे व्याकरण नीट पाहिले पाहिजे. त्यातील 'अमुक' हा न येणारा असावा लागतो. प्रस्तुत लेख ज्या आळे या गावी लिहिला जात आहे त्या जुन्नर तालुक्यात आणि शेजारच्या आंबेगावात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबटे वाढले, आणि २००१ च्या सुमारास माणसांवरील हल्ल्यांनी हा परिसर हादरला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, आणि हल्ल्यांत मुले दगावल्याच्या बातम्या आजही थांबलेल्या नाहीत. उसाला लागून असलेल्या वस्तीवर 'आत ये, बिबट्या येईल' हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा त्याची रचना बागुलबुवाच्या वाक्यासारखीच असते, पण ते वाक्य वेगळे असते. जो खरोखर येऊ शकतो त्याचे नाव घेणे हा धाक नव्हे, ती सूचना आहे. धाक देणाऱ्याला स्वतःला भय वाटत नाही. सूचना देणाऱ्याला ऐकणाऱ्याइतकेच, किंबहुना अधिक भय वाटते.

'तुंबाड'च्या पहिल्या प्रकरणाचे सामर्थ्य असे की तेथे एकच वाक्य एकाच वेळी धाकही आहे आणि सूचनाही. विनायकच्या दृष्टीने ते आईकडून शिकलेले, अर्थ न कळलेले, म्हणावयाचे म्हणून म्हणावयाचे वाक्य आहे. म्हातारीच्या दृष्टीने ती बातमी आहे. हस्तर कोण हे तिला ठाऊक आहे. तिने त्याला पाहिले आहे. तिचे शरीर हा त्या भेटीचा पुरावा आहे. म्हणून ती झोपते. मुलाला झोपवण्यासाठी मोठ्यांनी घडवलेले शस्त्र येथे मुलाच्या हाती आले आहे आणि ते चालते, कारण समोरची मोठी व्यक्ती त्या शब्दांवर मुलापेक्षा अधिक विश्वास ठेवते. किंगच्या कथेत हे नाव वाचवू शकत नाही. आजीची विद्या अखेर जॉर्जमध्ये उतरते आणि बळी पडलेले मूलच पुढची चेटकीण होते. बर्वे यांच्या चित्रपटात नाव वाचवते, आणि तेथेच विनायकच्या आयुष्याची वाट लागते. ज्याचे नाव कामी येते त्याच्याकडे काहीतरी असणार, हे मुलाने हेरले आहे.

अर्थ न कळता उच्चारलेल्या शब्दाच्या सामर्थ्याबद्दल आळ्याच्या माणसाला फार सांगावे लागत नाही. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी पैठणला वेद वदवले त्या रेड्याची समाधी येथे आहे अशी श्रद्धा आहे, आणि मुलांना ही कथा कळत्या वयाआधीच मिळते. दोन्हींकडे ज्याच्या तोंडी शब्द येतात त्याला त्यांचा अर्थ ठाऊक नाही. रेड्याच्या कथेत त्यामुळे शब्दावरचा मूठभरांचा हक्क मोडतो. विनायकच्या कथेत त्यामुळे एक हक्क निर्माण होतो, तोही सोन्यावरचा. साम्य इतकेच आहे, ते याहून ताणू नये.

आता चित्रपटाच्या दोषाकडे वळले पाहिजे. चित्रपट आरंभीच हस्तरची उत्पत्तिकथा सांगून टाकतो : समृद्धीच्या देवीचे पहिले अपत्य, त्याने सोने घेतले, धान्याकडे हात पुढे केला तेव्हा इतर देवांनी त्याला झोडपले, आईने त्याला पोटात घेऊन वाचवले ते त्याची पूजा कधी होऊ नये, त्याचे नाव विसरले जावे या अटीवर. ही कथा सुंदर आहे. विसरावयाचे नाव मुलांना झोपवण्याच्या वाक्यात तगून राहिले, ही कल्पना तर एखाद्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाला सुचावी अशी आहे. पण ती चुकीच्या जागी आहे. तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली तिचा कणा म्हणजे संभ्रम : हे खरे की भास, याचा निर्णय न होणे. विनायक या संभ्रमात आहे, आपण नाही. तो बंद दारापाशी उभा असतो तेव्हा आपण उत्तर आधीच ऐकून बसलेले असतो. पंकज कुमार यांचे छायालेखन, दिव्याचा अपुरा उजेड आणि संततधार पाऊस यांनी हे नुकसान पुष्कळसे भरून काढले आहे. तरी ते नुकसान आहे. मित्राच्या तोंडून रात्री ऐकलेल्या गोष्टीला अशी प्रस्तावना नसणार.

दुसरी अडचण रूपबंधाची आहे आणि ती अधिक उद्बोधक आहे. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून आले. जगबुडीच्या काठावरील खोतघराण्याच्या पिढ्यांची ती दोन खंडांतील कथा. नावाबरोबर चित्रपटाने कादंबरीचा काळही उसना घेतला आहे, म्हणजे पिढीमागून पिढी पाहण्याची दृष्टी. 'ग्रॅमा'चा काळ एका संध्याकाळचा आहे. 'तुंबाड' १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालतो. एका संध्याकाळच्या भयाचे एका घराण्याच्या इतिहासावर केलेले हे कलम आहे, आणि कलमाचा सांधा १९३३ च्या प्रकरणात उघडा दिसतो. प्रौढ विनायक वाड्यात परततो तेव्हा म्हातारी अजून आहे, तिच्या देहातून झाड वाढले आहे. ही प्रतिमा असामान्य आहे. परंतु विनायक आता भीत नाही. तो तिच्याशी व्यवहार करतो : खजिन्याचा मार्ग सांग, मी तुला सोडवतो. ज्या बाईने त्याला लहानपणी खाण्यासाठी ओढले तिच्याशी तो एखाद्या जुन्या कुळाशी बोलावे तसे बोलतो. यापुढे पीठाच्या बाहुल्या, पीठाचे रिंगण, दोरावरून गर्भात उतरणे, अशी नियमांची मालिका येते. नियम कळले की भय उरत नाही, कौशल्य उरते. अनेक समीक्षकांना हा भाग लोभाचे रूपक म्हणून भावला. मला तो रूपकाच्या आहारी गेलेला वाटतो. लोभ कळण्यासाठी प्रौढ असावे लागते, आणि चित्रपट येथे आपल्या मुलाला सोडून प्रेक्षकातील प्रौढाशी बोलू लागतो.

तरीही १९४७ च्या प्रकरणात तो मूल परत आणतो, आणि वेगळ्या तऱ्हेने. पांडुरंगाला बापाने भय दिलेलेच नाही. प्रशिक्षण दिले आहे. दोर कसा धरावा, किती वेळात परत चढावे, हे तो शिकतो, जसे दुसऱ्या घरातले मूल वडिलांच्या दुकानातली वजने शिकते. एका पिढीचा बागुलबुवा पुढच्या पिढीचा धंदा झाला आहे. हस्तरच्या कमरेचा बटवाच पळवावा ही कल्पनाही या मुलाचीच. भय नसलेल्या मुलाला सुचेल तेच त्याला सुचते, आणि त्या कल्पनेने गर्भात एकाच्या जागी अनेक हस्तर उभे राहतात.

येथे एका वस्तुस्थितीची नोंद करावीशी वाटते. पांडुरंगाची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या बालकलावंतानेच रंगभूषेच्या थरांखाली शापित म्हातारीची भूमिकाही केली आहे. निर्मितीच्या सोयीचा भाग यात असू शकेल. परंतु एकदा हे कळल्यावर पहिले प्रकरण पुन्हा पाहताना वेगळे दिसते. विनायक ज्या देहाला भितो तो एका मुलाचा देह आहे, आणि ते मूल त्याचाच पुढे होणारा मुलगा आहे.

शेवटी बाप शापित होऊन विहिरीबाहेर येतो आणि इतक्या सायासाने मिळवलेला बटवा मुलापुढे धरतो. पांडुरंग तो घेत नाही. तो बापाला उद्देशून तेच वाक्य म्हणतो. १९१८ मध्ये ते न कळता म्हटले गेले होते. आता म्हणणारा हस्तरच्या समोर उभा राहून आलेला आहे. वाक्याचा साचा तोच, पण त्यात धाकाचा अंशही उरलेला नाही. मुलगा बापाला झोपवतो, आणि झोपलेल्या बापाला आग लावतो. विनायकने म्हातारीची सुटका केली होती ती याच रीतीने.